सतरावी ओळ

बाईंना अख्खी गल्ली ‘बाई’ म्हणते. सव्वीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवल्यावर दुसरं काय होणार? पोस्टातला कारकून, कोर्टाबाहेर अर्ज लिहून देणारा, दवाखान्यात नाव नोंदवून घेणारी, सगळ्यांची बोटं बाईंच्या नजरेखालून गेलेली. रस्त्यात भेटले की हे लोक अजूनही आधी हात मागे घेतात आणि मग बोलतात. नातेवाइकांतही पुढे ‘बाई’च रूढ झालं. एकटे नवरेच काय ते त्यांना ‘अगं’ म्हणायचे. गेली तीन वर्षं तेही बाई म्हणतात. वर ‘तुम्ही’ म्हणतात.

पहिल्यांदा ‘तुम्ही’ म्हणाले तो दिवस बाईंना पक्का आठवतो. नवरे, म्हणजे साहेब, आंघोळ करून बाहेर आले, बाईंकडे बघितलं आणि मोठ्या अदबीने विचारलं, ‘आपल्याला कोण हवंय?’ बाईंच्या हातात टॉवेल होता. त्यांनी तो पुढे केला, साहेबांनी आभार मानले आणि डोकं पुसलं. डॉक्टरांनी नंतर आजाराचं नाव सांगितलं, मेंदूचा फोटो दाखवला, गोळ्या लिहून दिल्या. ते सगळं ऐकताना बाईंना काही वाटलं नाही. पुढेही वाटलं नाही. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल जसा होतो, आपलाच पण चिमटा काढला तरी न कळणारा, तशा बाई नखशिखान्त झाल्या होत्या. सख्खी बहीण गेली तेव्हा चार दिवस तिच्या घरी राहून त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याचा चहा केला आणि डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. लोक म्हणाले, बाई खंबीर. बाईंनी कपबशा विसळल्या.

साहेब म्हणजे टेलिफोन केंद्राच्या मशीनघरातले ऑपरेटर. एकतीस वर्षं. ते मशीनघर इतकं गार ठेवलेलं असे की बाहेर रस्त्यावरचं डांबर वितळत असलं तरी आत लोक स्वेटर घालून बसत. पाळी सुरू झाली की यंत्र चालू करायचं, पडद्यावर एकेक ओळ उमटेल ती मोठ्याने वाचायची, ओळीच्या शेवटी ‘ओके’ आलं की रजिस्टरमध्ये खूण करायची. बाकीचे ऑपरेटर वाचायचा आळस करत आणि शेवटी एकदम सगळ्या खुणा ओढून मोकळे होत. आमचे साहेब प्रत्येक ओळ वाचत, प्रत्येक ओळीला ‘ठीक’ म्हणत आणि मगच पेन टेकवत. त्यावरून त्यांचं नाव ‘ठीकसाहेब’ पडलं. एखादी ओळ अडली, ‘फेल्ड’ आलं, तर ते खुर्ची वळवून हाताखालच्या माणसाला सांगत, ‘कळवा.’ तो म्हणे, ‘कळवतो,’ आणि दुरुस्ती विभागाला फोन लावी. हे उत्तर मिळाल्याशिवाय साहेब पुढच्या ओळीकडे वळत नसत. माणसाने स्वतःच्या लग्नातही इतक्या शिस्तीने वागू नये, असं त्यांचे सहकारी म्हणत.

निवृत्त झाल्यावर साहेबांनी घरी एक जुना संगणक आणला, त्यावर स्वतःच्या हाताने लिनक्स नावाची संगणक चालवणारी प्रणाली घातली आणि तो मागच्या खोलीत टेबलावर मांडला. तेव्हा तो छंद होता. मग आठवण जायला लागली. आधी माणसांची नावं गेली, मग रस्ते, मग शर्टाच्या गुंड्या. टेबलावरचं ते यंत्र मात्र राहिलं. सकाळी साडेआठला साहेब स्वेटर घालत आणि बटण दाबून समोर बसत. पडद्यावर काळ्यावर पांढऱ्या ओळी रेंगाळत, एकामागून एक येत. एकूण एकोणीस. साहेब वाचत, ‘ठीक’ म्हणत, बाईंनी पट्टीने आखून दिलेल्या कागदावर खूण करत. त्यातली सतरावी ओळ प्रिंटरची होती. घरातला प्रिंटर कधीच भंगारात गेला होता, पण संगणकाला ते कुणी सांगितलं नव्हतं. तो बिचारा रोज प्रिंटर शोधायचा आणि रोज ‘फेल्ड’ म्हणायचा. मग साहेब पेन उचलत, चष्मा काढत आणि खुर्ची पूर्ण वळवून म्हणत:

‘बाई, प्रिंटर उठत नाही. कळवा.’

‘कळवते,’ बाई म्हणत.

मग साहेब वळून उरलेल्या दोन ओळी वाचत, खाली सही करत आणि खिडकीशी जाऊन बसत. तिथून पुढे दिवसभर त्यांच्या मते ते कामावर असत. समोर ठेवलेलं जेवत, औषध घेत, कुणाला त्रास देत नसत. चार वाजता बाई म्हणत, ‘अहो, पाळी संपली,’ की स्वेटर काढत. बोलणं काय ते सकाळचं तेवढंच. बाईंनी ते कधी मोजलं नव्हतं.

एका सकाळी यंत्रातून जळकट वास आला आणि पडदा काळाच राहिला. चौकातल्या दुकानदाराने ते उघडून बघितलं आणि आजी, हे आता शोभेचं, असं सांगितलं. त्याने एक वापरलेला पण चांगला चालणारा छोटा संगणक दिला, त्यावर बाईंनी सांगितलं म्हणून लिनक्सच घातलं, घरी येऊन जोडून दिलं. माणूस भला होता. बटण दाबल्यापासून सहा सेकंदांत सुरू होतो, असं त्याने घड्याळ लावून दाखवलं. खरंच सहा सेकंदांत पडद्यावर एक तळं आलं. मागे डोंगर, वर ढग.

दुसऱ्या दिवशी साहेब स्वेटर घालून बसले, बटण दाबलं, पेन हातात घेतलं. तळं आलं. साहेबांनी बराच वेळ तळ्याकडे बघितलं. वाचण्यासारखं त्यावर काही नव्हतं. त्यांनी बटण दाबून यंत्र बंद केलं, पुन्हा चालू केलं. पुन्हा तळं. असं त्यांनी अकरा वेळा केलं. मग उठले, दरवाजा उघडला आणि चालू लागले. बाई डाळ शिजत घालत होत्या. साहेब सापडले ते बँकेच्या दारात, पहारेकऱ्याला विचारत होते की आत पाळी कुणी घेतली आहे, कारण यंत्र उठलेलं नाही आणि कुणालाही त्याची फिकीर नाही. पहारेकरी बाईंचा जुना विद्यार्थी. त्याने साहेबांना स्टुलावर बसवून ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी बाईंनी कडी लावली, तर साहेब दुपारपर्यंत दारावर थापा मारत राहिले. पाचव्या दिवशी दूधवाल्यासाठी दार उघडलं तेवढ्यात निसटले आणि स्कूटरखाली येता येता वाचले. गुडघा सोलला, चष्म्याची काच फुटली.

मुलगा दुसऱ्या शहरात असतो. तो रात्रीच्या गाडीत बसून आला, बाबांच्या गुडघ्याची पट्टी बघितली, आणि आईला समोर बसवून समजुतीने बोलला. वाईट मुलगा नाही तो. त्याने एक संस्था बघून ठेवली होती, अशाच माणसांसाठी असलेली. एक तारखेला खाट रिकामी होणार होती, त्याने ती धरून ठेवायला सांगितली होती. आई, तू सत्तरीला आलीस, तुझं काय होतंय ते आरशात बघ, असं म्हणाला. बाबा घरात शांत राहत असते तर गोष्ट वेगळी होती, असंही म्हणाला. एक तारखेला बारा दिवस होते. बाईंनी बरं म्हटलं. मुलाला वाटलं, आईने मन घट्ट केलं. बाईंना मन सापडतच नव्हतं, घट्ट कुठून करणार?

तरी तो गेल्यावर त्यांनी एक फोन केला. मशीनघरात साहेबांच्या हाताखाली एक ऑपरेटर होते, तिथले सगळ्यांत लहान, म्हणून त्यांना ‘धाकटे’ म्हणत. आता धाकटे सहासष्ट वर्षांचे आहेत, गुडघे बदललेले आहेत, नातवंडं आहेत, पण धाकटेच आहेत. ते बाईंना वहिनी म्हणतात. बाईंनी त्यांना आपण होऊन फोन करायची ही बहुधा पहिलीच वेळ. बाईंनी जळकट वासापासून स्कूटरपर्यंत सगळं एका सुरात सांगितलं. धाकटे म्हणाले की वहिनी, यंत्र बदललं म्हणून हे झालेलं नाही. इनिट बदललं म्हणून झालंय.

ते काय, असं बाईंनी विचारलं नाही. तरी धाकट्यांनी सांगितलंच. त्यांना असलं सांगायला कुणी मिळत नसावं. संगणक चालू झाला की सगळ्यांत आधी एक प्रोग्राम जागा होतो, त्याचा नंबर एक. बाकीच्या सगळ्यांना तोच उठवतो, घड्याळाला, तारेने आलेल्या नेटला, आवाजाला. त्याला इनिट म्हणायचं. हल्ली जो वापरतात तो सगळ्यांना एकदम उठवतो, आणि उठवाउठवी चाललेली दिसू नये म्हणून पुढे चित्राचा पडदा ओढतो. लोकांना घाई असते, त्यांच्यासाठी ते उत्तम. जुना होता तो एकेकाला नाव घेऊन हाक मारायचा, तो उठला की ‘ओके’ लिहायचा, मगच पुढच्याकडे जायचा. साहेबांना हाका मारणारा हवाय, वहिनी. अजून मिळतो तो. लिनक्स घालताना विचारतात, कुठला हवा म्हणून. फक्त उत्तर आपण द्यायचं असतं.

चार दिवसांनी कुरियरने एक पेन ड्राइव्ह आला, सोबत धाकट्यांच्या अक्षरात दोन कागद. मशीनघरातला माणूस, पायऱ्यांना नंबर घातलेले, धोक्याच्या जागी लाल रेघ.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई टेबलाशी बसल्या. फोन कळफलकाजवळ मोठ्या आवाजावर लावून ठेवला होता. साहेब स्वेटर घालून शेजारच्या खुर्चीत होते, नव्या काचेचा चष्मा, हातात पेन, मांडीवर आखलेला कागद. आज यंत्र उठायला उशीर आहे एवढं त्यांना कळलं होतं. दार आतून बंद होतं आणि किल्ली बाईंच्या कमरेला होती.

भाषा निवडली, वेळ निवडली, जुनं सगळं पुसायची परवानगी दिली. बाईंची बोटं न बघता चालत होती. धाकटे तिकडून पायरी सांगत, बाई ‘हो’ म्हणत. सामान निवडायच्या पायरीवर एक यादी आली आणि तिच्यात ‘प्रिंट सर्व्हर’समोर आधीच खूण होती. धाकट्यांनी विचारलं, घरात प्रिंटर आहे का? नाही ना, मग काढून टाका ती खूण. नाहीतर रोज फेल्ड येईल, साहेबांना उगाच डोक्याला त्रास. बाईंनी स्पेसबार दाबला. खूण गेली.

मग तो प्रश्न आला. कुठलं इनिट? तीन नावं होती. पहिल्यासमोर लिहिलं होतं, ‘शिफारस’. निवडीची रंगीत पट्टी आधीच त्याच्यावर होती, नुसतं एंटर दाबलं की झालं. धाकटे म्हणाले, खालचं बघा वहिनी, तिसरं, आणि नेमका तेव्हाच त्यांच्या दारावर कुणीतरी आलं. एक मिनिट हं, म्हणून ते उठून गेले. गुडघे बदललेला माणूस, त्यांचं एक मिनिट पाच मिनिटांचं असतं.

बाई पडद्याकडे बघत बसल्या. पहिलं निवडलं तर तळं येईल. तळं आलं की साहेब दारावर थापा मारतील. एक तारखेला मुलगा गाडी घेऊन येईल. धाकट्यांना सांगता येईल, काहीतरी चुकलं हो, मी पडले टायपिंगवाली. कुणी दोष देणार नाही, उलट सगळे म्हणतील, बाईंनी या वयात काय काय करून बघितलं. मग दुपारी आडवं होता येईल. दार उघडं टाकून झोपता येईल. किल्ली कमरेला रुतणार नाही. बाईंना हे सगळं हवं होतं. वाईट वाटून घेण्याइतकंही त्यांच्यात काही शिल्लक नव्हतं, म्हणून ते हवं असणं अगदी स्वच्छ दिसत होतं. त्यांनी उजव्या हाताची करंगळी एंटरवर नेऊन ठेवली.

इथे मायेने ऊर भरून आला असं लिहिलं असतं तर शोभलं असतं. तसलं काही झालं नाही. शेजारी साहेब पेनाचं टोपण उघडत होते आणि लावत होते. बाईंनी सव्वीस वर्षं एक गोष्ट घोकून घेतली होती, समोर लिहिलंय ते शेवटपर्यंत वाचल्याशिवाय करंगळी चालवायची नाही. त्यांनी दुसरं नाव वाचलं. तिसरं नाव वाचलं. वाचता वाचता खालचा बाण दोनदा दाबला गेला, पट्टी तिसऱ्यावर आली, आणि करंगळी उतरली. धाकटे परत आले तेव्हा पडद्यावर निळी रेघ पुढे सरकत होती. तिसरंच ना वहिनी, त्यांनी विचारलं. तिसरंच, बाई म्हणाल्या.

काम तेवढ्यावर भागलं नाही. चित्राचा पडदा काढायला एका फाइलमधून ‘क्वाएट’, म्हणजे गप्प, हा शब्द खोडावा लागला. या जुन्या इनिटलाही हल्ली सगळ्यांना एकदम उठवायची खोड लागली होती, तीही एका ओळीने मोडली. मग बटण दाबलं. काळ्यावर पांढऱ्या ओळी आल्या. साहेबांची पाठ एकदम ताठ झाली. पण यंत्र नवं, अंगात रग, चार सेकंदांत अठराच्या अठरा ओळी धडधडत वर निघून गेल्या. साहेबांनी पहिली वाचली, ‘ठीक’ म्हणाले, खूण केली आणि वर बघितलं तर सगळं संपलेलं. ‘थांबल्या नाहीत,’ ते हळूच म्हणाले. कागद उलटा करून बघितला, मागेही काही नव्हतं.

धाकट्यांनी उपाय सांगितला. प्रत्येकाला उठवायची एक वेगळी फाइल असते. तिच्या शेवटी एक ओळ घालायची, थांब, आणि पुढे सेकंदांचा आकडा. आकडा किती, ते त्यांना सांगता येईना. तुम्हीच ठरवा वहिनी, म्हणाले.

बाईंनी कपाटातून क्लासातलं स्टॉपवॉच काढलं. याच्यावर त्यांनी हजारो पोरांचा वेग मोजला होता, मिनिटाला तीस शब्द, चाळीस शब्द. त्यांनी अठरा ओळी मोठ्या अक्षरात कागदावर लिहिल्या आणि एकेक साहेबांपुढे धरली. साहेब वाचायचे, ‘ठीक’ म्हणायचे, खूण करायचे, पेन उचलायचे. सात सेकंद. पुढची, सात. नेटवर्कची ओळ लांब, तिला नऊ. ‘टाइम’ या शब्दापाशी ते नेहमी अडखळत, तिला आठ. तिथपर्यंत आल्यावर बाईंच्या लक्षात आलं की त्या स्टॉपवॉचकडे बघतच नाहीयेत. आकडा त्यांना आधीच माहीत असतो, काटा नंतर तिथे येतो. त्यांनी स्टॉपवॉच बाजूला ठेवलं आणि उरलेल्या फाइलींमध्ये आकडे नुसतेच घातले. अठरा फाइली, दोन दिवस.

त्यानंतरच्या सकाळी साडेआठला साहेबांनी बटण दाबलं. पहिली ओळ आली. वाचली. ठीक. खूण. पेन वर, आणि दुसरी ओळ आली. एकही ओळ लवकर आली नाही, एकही उशिरा आली नाही. अठरा ओळी, अठरा खुणा. शेवटी साहेबांनी खाली लिहिलं, ‘यंत्रे चालू. तक्रार नाही.’ सही केली आणि खिडकीशी जाऊन बसले. दाराकडे त्यांनी बघितलंही नाही. बाईंनी मुलाला फोन केला. तो म्हणाला की आणखी चार दिवस बघू. चार दिवसांनी त्याने खाटेवरचा हक्क सोडला. धाकटे फोनवर चारचारदा म्हणाले, वहिनी, तुम्ही मशीनघरात यायला हवं होतं. सगळं मनासारखं झालं होतं, म्हणजे बाईंना मन असतं तर.

त्या चार दिवसांत बाईंना काहीतरी राहून गेल्यासारखं होत होतं. गॅस बंद केला का ते त्या परत परत बघत. औषधांचा डबा दोनदा मोजला. सकाळी साहेब वाचत असताना त्या नेहमीप्रमाणे मागच्या स्टुलावर बसत, आणि सही झाली तरी उठायचं त्यांच्या ध्यानात येत नसे. पाचव्या दिवशी दुपारी त्या दोरीवर कपडे वाळत घालत होत्या. साहेबांचा शर्ट झटकला, चिमटा लावला, आणि तोंडातून शब्द निघाला, ‘कळवते.’

शर्टाने काही उत्तर दिलं नाही. बाई चिमट्यांची टोपली धरून तशाच उभ्या राहिल्या. पाच दिवसांत नवरा आपल्याशी एक अक्षर बोललेला नाही, हे त्यांना तेव्हा कळलं. सगळं ठीक होतं, मग बोलणार काय? ती खूण आपण स्पेसबारने काढली, आपल्याच अंगठ्याने. बाईंना दुखलं. कुठे, ते सांगता येईना, पण दुखलं. तीन वर्षांत पहिल्यांदा दुखलं म्हणून त्या जरा दचकल्या, आणि उरलेले कपडे तसेच टोपलीत टाकून आत आल्या.

धाकट्यांना त्यांनी सांगितलं की मला एक फेल्ड हवंय. धाकट्यांना आधी कळेचना. कळलं तेव्हा ते अस्वस्थ झाले. पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी रजिस्टरमध्ये एक खोटी नोंद केली नव्हती, आणि इथे ठीकसाहेबांसमोर यंत्रालाच खोटं बोलायला लावायचं? नसलेल्या प्रिंटरची तक्रार? ते म्हणाले, वहिनी, कशासाठी पण? आता तर सगळं सुरळीत चाललंय.

‘तेवढ्यासाठी ते माझ्याकडे वळतात,’ बाई म्हणाल्या.

मग धाकट्यांनी घसा साफ केला आणि मशीनघरातल्या आवाजात सांगायला सुरुवात केली. नवी फाइल करा. नंबर सतरा. पहिली ओळ लिहून घ्या.

फाइल लहानच झाली. ‘स्टार्टिंग प्रिंटर’ असं लिहायचं, काही करायचं नाही, आणि शेवटी ‘फेल्ड’ म्हणायचं. खाली थांबायची ओळ आली. बाईंनी सात लिहिलं. मग करंगळी एंटरपाशी थांबली. त्यांनी सात खोडलं आणि साठ लिहिलं. नवीन कागद घेतला, त्यावर एकोणीस चौकोन आखले.

सकाळी साडेआठला साहेब स्वेटर घालून बसले. बाई मागे स्टुलावर. त्यांच्या हातात स्टॉपवॉच होतं, का घेतलं ते त्यांनाच ठाऊक नव्हतं. सोळा ओळी ठीक झाल्या. सतरावी आली. साहेबांनी वाचली, ‘ठीक’ म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. पेन उचललं. चष्मा काढला. खुर्ची पूर्ण वळली.

‘बाई, प्रिंटर उठत नाही. कळवा.’

‘कळवते,’ बाई म्हणाल्या, आणि अंगठ्याने स्टॉपवॉच सुरू केलं.

साहेब वळले. पडद्यावर पुढची ओळ नव्हती. त्यांनी थोडी वाट बघितली, मग परत बाईंकडे वळले. यंत्र अडलेलं असताना हाताखालच्या माणसाशी चार शब्द बोलायची मशीनघरात पद्धत असावी.

‘नवीन आहात का तुम्ही इथे?’

‘नाही. जुनीच आहे.’

‘किती वर्षं झाली?’

‘चव्वेचाळीस.’

साहेबांनी मनाशी काहीतरी हिशोब केला. तो जुळला असावा. ‘मग ठीक,’ ते म्हणाले, आणि मांडीवरच्या कागदावर, जिथे कुठलाच चौकोन नव्हता तिथे, एक खूण केली.

बाईंनी काटा बघितला. एक्केचाळीस सेकंद झाले होते. उरलेले सेकंद दोघं एकमेकांकडे बघत बसली. मग अठरावी ओळ आली.